खातूबाईंची उलटतपासणी

बोर्डावर ‘ॲड. इंदुमती खातू’ असं लिहिलेलं होतं, पण रत्नागिरीच्या कोर्टात त्यांना इंदुमती म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. न्यायाधीशांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या खातूबाई. समोर बोलताना नुसत्या ‘बाई’.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा अडतीस वर्षांची होते. मुंबईतल्या एका मोठ्या फर्ममध्ये बारा वर्षं व्यापारी दावे लढवून झाले होते. नवऱ्याची बदली रत्नागिरीला झाली म्हणून मी आले आणि येताना मनात थोडा माजही घेऊन आले. इथे काय, जमिनीचे तंटे आणि वाटपाचे दावे असणार, असं मला वाटत होतं. कुणीतरी सांगितलं, धंद्यातली भांडणं सगळी खातूबाईंकडे जातात, त्यांना भेट.

त्यांचं ऑफिस कोर्टापासून पाच मिनिटांवर, एका औषधाच्या दुकानाच्या वर होतं. दोन खोल्या, तीन कपाटं आणि मांडवकर नावाचे कारकून. बाई बुटक्या, सावळ्या, साठीला टेकलेल्या. खुर्चीत मागे टेकून बसलेलं मी त्यांना कितीतरी वर्षं पाहिलं नाही. नेहमी पुढे झुकून, समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत असायच्या.

“मुंबईत काय करत होतीस?” त्यांनी विचारलं.

मी ऐटीत सांगितलं. शेवटचा दावा दोन कंपन्यांमधला होता, लोखंडी पाइपांच्या पुरवठ्याचा, सहा वर्षं चाललेला.

“पाइप कसले होते?”

“म्हणजे... पाइप.”

“बघितलेस?”

“फाइलमध्ये फोटो होते.”

“सहा वर्षांत एकदाही हात लावून नाही बघितलास गो?” त्यांनी हे रागाने विचारलं नाही. खरंच नवल वाटल्यासारखं विचारलं. मग म्हणाल्या, “उद्या सकाळी आठला ये. चालायच्या चपला घाल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने लांज्याला गेलो. तिथे काजूचा एक कारखाना होता, त्याचे मालक दोघे, एकमेकांचे मेहुणे. भागीदारी मोडायची होती आणि कारखान्याचं नाव दोघांनाही हवं होतं. मला वाटलं, बाई भागीदारीचा करार मागतील. त्यांनी तो मागितलाच नाही. त्या सरळ आत जाऊन काजू फोडणाऱ्या बायकांच्या रांगेत एका गोणपाटावर बसल्या. हाताला राख का लावता, बी भाजताना किती जळते, अख्खा गर किती निघतो, तुकडा किती, कोण चांगलं फोडतं, एवढंच तासभर विचारत राहिल्या. एका बाईने त्यांना फोडायला दिलं, तर दोन काजू फुकट घालवून त्या स्वतःच हसल्या. दहा वाजता चहा आला. एकच किटली. एक मेहुणा प्यायला, त्याने कप ठेवला आणि किटली न बोलता दुसऱ्याकडे सरकवली. दुसऱ्याने तीही न बोलता घेतली.

परतताना बसमध्ये बाई म्हणाल्या, “दावा लावायचा नाही.”

“का?”

“एका किटलीतला चहा अजून संपलेला नाही. तीन महिने थांबू.”

मला ते वकिलाचं बोलणं वाटलं नाही. पण तीन महिन्यांत त्या चार वेळा लांज्याला जाऊन आल्या आणि शेवटी एकाने कारखाना घेतला, दुसऱ्याने बाजारातलं दुकान. नाव दोघांनी ठेवलं. दुकानाच्या पाटीवर खाली ‘विक्री केंद्र’ एवढंच वाढलं. मुंबईत हे प्रकरण मी सात वर्षं तरी चालवलं असतं आणि बऱ्यापैकी जिंकलेही असते.

बाईंच्या वडिलांचं बंदराजवळ दुकान होतं. दोरखंड, खिळे, जाळी, डांबर. लहानपणी शाळा सुटली की त्या गल्ल्याशेजारी बसायच्या. कुठल्या नाखव्याला कुठला दोर लागतो हे त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं, असं त्या सांगत. नवरा बँकेत होता, तो लवकर गेला. एक मुलगी, लग्न होऊन नाशिकला. घरी त्या एकट्या, पण एकटेपणावर त्यांनी कधी एक वाक्य खर्च केलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मासे आणायला जायच्या, आणि कोळणीशी जी घासाघीस करायच्या ती ऐकायला मांडवकर मुद्दाम पिशवी धरायला जायचे.

नोटीस लिहिण्याबद्दल त्या फार काटेकोर होत्या. माझ्या पहिल्या नोटिशीत मी ‘बेजबाबदार, बेकायदेशीर व फसवणुकीच्या हेतूने’ असं घसघशीत लिहिलं होतं. त्यांनी पेन्सिलने तिन्ही शब्द खोडले.

“विशेषण घातलं की समोरच्या वकिलाला कळतं, ह्यांच्याकडे कागद नाही.”

आणि एक त्यांचा नियम होता. नोटीस मोठ्याने वाचायची. “पाकीट घरी जातं. आधी बायको फोडते. तिला वाचून कळलं पाहिजे की नवऱ्याने काय केलंय. मग आपलं अर्धं काम तीच करते.” असं त्या गंभीरपणे सांगत. खरंच पुष्कळदा नोटिशीच्या आठव्या दिवशी नवरा-बायको दोघं जिना चढून येत, आणि बोलायला सुरुवात बायको करी.

त्यांच्या हट्टीपणाने आमचं एक मोठं अशील गेलं, तेही माझ्या डोळ्यांदेखत. लोट्याची एक केमिकल कंपनी होती. कामगारांच्या बसचा ठेका त्यांनी एका माणसाला दिला होता. बस रोज उशिरा येते म्हणून ठेका रद्द केला आणि त्याने दावा लावला. आम्ही कंपनीचे वकील. बाईंनी कंपनीला सांगितलं, मी तीन दिवस त्या बसने येणार. मॅनेजर हसला. बाई हसल्या नाहीत. आदल्या रात्री खेडला नात्यातल्या एकांकडे मुक्काम केला, आणि तीन दिवस पहिल्या पाळीच्या कामगारांबरोबर मनगटावरच्या घड्याळात बघत बसून गेल्या. चौथ्या दिवशी मॅनेजरला म्हणाल्या, “बस वेळेवर येते. तुमच्या गेटवर तपासणीला एकच माणूस आहे, तो एकेकाचा डबा उघडून बघतो. उशीर तिथे होतो. तुमचं प्रकरण खोटं आहे, मिटवून टाका.”

“बाई, तुम्ही आमच्या वकील आहात,” मॅनेजर म्हणाला.

“म्हणून तर तुम्हाला सांगते. त्यांची असते तर कोर्टाला सांगितलं असतं.”

पंधरा दिवसांत कंपनीने आपल्या सगळ्या फाइली नेल्या. मांडवकरांनी कपाटातली रिकामी फळी पुसली. बाईंनी त्या संध्याकाळी आम्हा दोघांना सुरमई तळून घातली.

पण खातूबाई म्हटलं की कोर्टातल्या वकिलांना आठवते ती त्यांची उलटतपासणी. त्या कधी आवाज चढवत नसत. साक्षीदाराच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहत, त्याच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, “परत सांगा.” तो परत सांगे. “पुन्हा एकदा, सावकाश.” तिसऱ्यांदा सांगताना साक्षीदार हमखास काहीतरी बदले. ह्यावर त्यांचं एक म्हणणं ठरलेलं होतं. “खरं तीनदा सांगितलं की माणूस कंटाळतो. खोटं दर वेळी थोडं सुधारतो.” नवे वकील ही लकब उचलायला बघायचे. मीसुद्धा आरशासमोर ‘परत सांगा’ म्हणून पाहिलं होतं.

सात वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले. नंतर आठल्यांचं प्रकरण आलं.

माधव आठल्ये पावस गावचे. हापूसची बाग, आजोबांच्या वेळची. त्यांनी मे महिन्यात कॅनिंगच्या एका फॅक्टरीला ट्रकभर आंबा दिला. फॅक्टरीने तिसऱ्या दिवशी कळवलं, फळ कापलं तर आत साका निघाला, माल घेत नाही. साका म्हणजे वरून फळ देखणं, आणि गाभा पांढरट, आंबूस, कामातून गेलेला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. फॅक्टरीने तालुक्यातल्या इतर खरेदीदारांनाही पत्रं लिहिली. पुढच्या हंगामात आठल्यांकडे कुणी फिरकलं नाही.

“रक्कम बुडाली तर बुडू दे,” आठल्ये पहिल्या दिवशी म्हणाले होते. “पण आमच्या बागेला आता साक्याची बाग म्हणतात, बाई. मुलगा बाग बघायला तयार होता, तो म्हणतो विकून टाकू.”

साका उन्हाने चढतो. उतरवलेलं फळ दोन दिवस मेच्या कातळावर उघडं पडलं तर चांगल्या बागेचंही नासतं. आमचं म्हणणं एवढंच होतं की क्रेट फॅक्टरीच्या आवारात उन्हात पडून राहिले. त्यांचं म्हणणं, क्रेट शेडमध्ये होते. सगळा दावा त्या शेडवर उभा होता.

फॅक्टरीचा सुपरवायझर साक्षीला आला. लांज्याकडचा, पन्नाशीचा, तुळसकर नावाचा. खरखरीत हात आणि बसका आवाज. त्या दिवशी कोर्टात डोक्यावरचा पंखा खडखडत होता. बाईंनी विचारलं, क्रेट कुठे ठेवले होते? तुळसकर म्हणाला, “शेडमधी.” मग मान खाली घालून, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा म्हणाला, “म्हंजे शेड तवा व्हायची होती.”

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यालगतच्या बाकावर होते. मला स्वच्छ ऐकू आलं. न्यायाधीशांनी पहिलं वाक्य सांगून टाइप करून घेतलं, ‘क्रेट शेडमध्ये ठेवले होते’. आता बाई म्हणणार, परत सांगा. बाई पुढच्या प्रश्नावर गेल्या. तपासणी संपली. तुळसकरने सही केली आणि तो निघून गेला.

ऑफिसात आल्यावर मी विचारलं, “बाई, शेडचं का सोडून दिलंत? काही वेगळं डोक्यात आहे का?”

“शेडचं काय?”

“शेड तेव्हा व्हायची होती म्हणाला ना तो.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मांडवकर चहाचे कप घेऊन दारात उभे होते, ते तिथेच थांबले.

“कधी म्हणाला?”

मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी बघितला. मग एकदम रागाने म्हणाल्या, “आणि तू गप्प बसलीस?”

“मला वाटलं तुम्ही मुद्दाम सोडलंत.”

खोटं नव्हतं ते. मोठ्या माणसाची चूकसुद्धा आपल्याला डाव वाटते. मी मुंबईत असते तर साहेबांच्या कोटाची बाही ओढली असती. इथे मला एवढा विश्वास होता की मी एका माणसाचा दावा हातातून जाताना बघत बसले.

त्यांचा राग तेवढाच टिकला. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. कमी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून येत होतं. उजव्याने निम्मं. तोंड दिसलं की कळतं.”

तेव्हा एकेक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. पुढे झुकून बसणं. साक्षीदाराच्या जवळ जाणं. फोन आला की “मांडवकर, तुम्ही बोला हो” म्हणणं. ‘परत सांगा’ ही खरंच त्यांची पद्धत होती, जुन्या वकिलांनी ती वीस वर्षांपूर्वीही पाहिली होती. पण गेली तीन वर्षं त्या पद्धतीच्या आडोशाला त्या उभ्या होत्या. मुलीलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

“अजून काय काय सुटलं असेल गो?” त्या म्हणाल्या. “कुणाकुणाचं?”

मांडवकरांनी कप टेबलावर ठेवले आणि बाईंच्या समोर जाऊन, त्यांना तोंड दिसेल असे उभे राहून म्हणाले, “बाई, चहा घ्या.” मांडवकरांना आधीपासून माहीत होतं, हे मला त्या उभं राहण्यावरून कळलं.

साक्षीदाराला परत बोलवायचं तर कोर्टाकडे अर्ज करावा लागतो आणि कारण द्यावं लागतं. कारण काय लिहायचं ह्यावर मी रात्रभर विचार केला. पंख्याचा आवाज, नजरचूक, अनवधान, असे सभ्य शब्द पुष्कळ होते. सकाळी बाईंनी माझा मसुदा वाचलाही नाही. म्हणाल्या, “आधी पावसला जाऊ. आठल्यांना हे पहिल्यांदा कोर्टात कळता कामा नये.”

आठल्यांच्या ओटीवर बसून बाईंनी सरळ सांगितलं. “साक्षीदार तुमच्या बाजूचं बोलला. मला ऐकू आलं नाही. मला कमी ऐकू येतं आणि ते मी तुमच्यापासून लपवलं. चूक माझी आहे. दुसरा वकील करायचा असेल तर कागद बरोबर आणलेत, आत्ता देते.”

आठल्यांनी विचारलं, “म्हणजे केस गेली?”

“गेलेली नाही. पण माझ्यामुळे जाऊ शकते.”

ते उठले, चपला घालून बागेत गेले. त्यांच्या बायकोने कोकम सरबत आणून ठेवलं, पण आमच्यापैकी कुणी हात लावला नाही. बाई मांडीवर कागदांची पिशवी धरून बसल्या होत्या. अशा बसलेल्या त्या मी कधीच पाहिल्या नव्हत्या. निकालाची वाट बघणाऱ्या अशिलासारख्या.

वीसेक मिनिटांनी आठल्ये परत आले. “बाई, मला राग आला आहे, खोटं कशाला बोलू,” ते म्हणाले. “पण दुसऱ्या वकिलाने आमच्या बागेत येऊन झाडं मोजली नसती. तुम्हीच चालवा.” मग माझ्याकडे हात करून म्हणाले, “फक्त ह्या मानसीताई तुमच्या शेजारी उभ्या राहतील, मागे बसणार नाहीत.”

“कबूल,” बाई म्हणाल्या, आणि सरबताचा पेला एका दमात संपवला.

अर्जाच्या दिवशी समोर देसाई वकील होते. बाईंचे पंचवीस वर्षांचे प्रतिस्पर्धी, फर्डे वक्ते. त्यांनी हरकत घेतली. तपासणीत राहिलेली पोकळी भरायला साक्षीदार परत बोलावता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो कायद्याने चुकीचा नव्हता.

बाई उठल्या. “साहेब, पोकळी राहिली ती तपासणीत नाही, माझ्या कानात आहे. साक्षीदाराने उत्तर पुरं दिलं होतं. अर्धं मला ऐकू आलं नाही. मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि हे मी ह्या कोर्टापासून तीन वर्षं लपवलं. माझ्या बहिरेपणाची शिक्षा माझ्या पक्षकाराला होऊ नये, एवढीच विनंती आहे.”

मागच्या बाकांवरचे नवे वकील खाली बघायला लागले. न्यायाधीशांनी देसाईंकडे पाहिलं.

देसाई थोडा वेळ हातातले कागद नीट करत राहिले. मग म्हणाले, “हरकत कायम ठेवतो. पण त्यावर युक्तिवाद करत नाही.” आणि बसले.

अर्ज मंजूर झाला. बाहेर व्हरांड्यात देसाई आमच्याबरोबर चालायला लागले. दोन पावलं गेल्यावर ते थबकले, बाईंना वळसा घालून उजव्या बाजूला आले आणि मग बोलायला लागले. त्यानंतर ते नेहमी त्याच बाजूने चालत.

तुळसकर परत पिंजऱ्यात आला तेव्हा तयारी करून आला होता हे दिसतच होतं. शेड होती का असं विचारलं असतं तर ‘होती’ हे उत्तर त्याच्या जिभेवर ठेवलेलंच होतं. मी शेजारी पॅड घेऊन उभी होते, त्याचं प्रत्येक उत्तर मोठ्या अक्षरात लिहून बाईंसमोर धरायला.

“तुळसकर, जरा मोठ्याने बोला,” बाई म्हणाल्या. “मला ऐकू येत नाही.”

“हो बाई,” तो खरंच मोठ्याने म्हणाला.

“तुम्ही सुपरवायझर. शेडचं काम तुमच्या देखरेखीखाली झालं?”

“माज्याच. मी सोता पत्रे चढवले.”

“स्वतः? वय किती तुमचं?”

“बावन. पोरांना जमंना. हूक वाकडे मारत हुते.”

“पत्रे कसले घेतलेत? गंजणारे नाहीत ना?”

“न्हाय न्हाय, चांगले रंगीत. मी निवडून आनले, लांज्यातनं.”

देसाई सावध झाले होते, पण हरकत घ्यावी असं त्यात काही नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावर तेच होतं जे काजू फोडणाऱ्या बायकांमध्ये बसल्यावर होतं. त्यांना खरोखरच त्या पत्र्यांबद्दल जाणून घ्यायचं होतं, असं मला आजही वाटतं.

“वाऱ्यापावसात पत्रे चढवणं म्हणजे जोखीम.”

“तर! दोनदा पाऊस आला मधीच. निसटून पडलो असतो. गनपतीच्या आदी उरकायचं हुतं, मालकांनी सांगितलेलं.”

हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला की व्हरांड्यातला शिपाई आत डोकावला. न्यायाधीशांनी मान वर केली. मी पॅडवर लिहीत होते, पण बाईंनी ते बघितलं नाही. त्यांना ऐकू आलं होतं.

आंबा मेमध्ये येतो आणि गणपती भाद्रपदात. बाईंनी एवढंच विचारलं, “त्याच वर्षीच्या गणपतीच्या आधी?” तुळसकरच्या लक्षात आलं. तो देसाईंकडे बघायला वळला, मग परत बाईंकडे. क्षणभर मला वाटलं, आता तो फिरवणार. त्याने हातांकडे पाहिलं आणि हळू आवाजात “होय” म्हणाला. मग, बाईंना ऐकू गेलं नसेल असं वाटून, पुन्हा मोठ्याने, “होय, बाई!”

निकाल आमच्या बाजूने लागला. फॅक्टरीने अपील न करता तडजोड केली, आणि आठल्यांच्या आग्रहाने त्यात एक ओळ आली की सदर बागेचा माल सदोष नव्हता. आठल्ये तडजोडीचं ते पत्र घेऊन आले आणि आमच्या ऑफिसात उभं राहून मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. खालच्या औषधाच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वर बघत होतं. मुलाने बाग विकली नाही. तुळसकरची नोकरी मात्र गेली. बाईंनी ते मनाला लावून घेतलं आणि महिनाभर फोनाफोनी करून, म्हणजे मांडवकरांकडून करवून, त्याला लांज्याच्या त्या काजू कारखान्यात लावलं.

त्या निकालानंतर बाई उलटतपासणीला उभ्या राहिल्या नाहीत. ते काम माझ्याकडे आलं. मी पहिल्यांदा एकटी उभी राहिले त्या दिवशी त्या मागच्या बाकावर बसून होत्या. बाहेर आल्यावर काय म्हणतील म्हणून मी वाट बघितली, तर म्हणाल्या, “काही ऐकू आलं नाही. पण साक्षीदाराला घाम आला होता.”

मुलीने नाशिकहून येऊन कानाचं यंत्र करून दिलं. त्यावर त्यांचा भारी राग. “ह्यातून माणसं कमी आणि खुर्च्या जास्त ऐकू येतात,” असं म्हणत. व्यापारी दावा लावण्याआधी दोन्ही पक्षांनी मध्यस्थीला बसायचं, असा नियम आता आलाच होता. बाई मध्यस्थ झाल्या. लहान खोली, समोरासमोर तीन खुर्च्या, सगळ्यांची तोंडं दिसतायत. हे त्यांना चांगलं मानवलं.

गेल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, मला एका कागदावर त्यांची सही हवी होती म्हणून मी मध्यस्थीच्या खोलीकडे गेले. दाराला काच आहे. आत बर्फाच्या कारखान्याचे दोन भागीदार उभे राहून एकमेकांवर ओरडत होते. शब्द बाहेर ऐकू येत होते, आणि ते लिहिण्यासारखे नाहीत. बाई मध्ये बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे कानातलं यंत्र काढलं, टेबलावर दोघांच्या मधोमध ठेवलं आणि हात जोडून बसल्या. दोघांना आधी कळलंच नाही. मग एकाचं लक्ष गेलं, तो वाक्याच्या मध्येच थांबला. दुसरा आणखी थोडा ओरडला आणि एकटाच ओरडतोय हे कळल्यावर ओशाळून बसला.

मी बाहेरच्या बाकावर थांबले. तासाभराने ते दोघं बाहेर आले. हातात सह्या केलेला कागद होता, आणि त्यातला थोरला धाकट्याला सांगत होता की तुझी स्कूटर लांब लावली आहेस, माझ्या गाडीतून चल.

मी दार ढकललं. बाई एकट्याच होत्या. यंत्र टेबलावर तसंच होतं. त्यांनी चपला काढून पाय गार फरशीवर टेकले होते, पुडीतल्या उकडलेल्या शेंगा सोलत होत्या आणि खिडकीबाहेर बघत होत्या. खाली रस्त्यावर गाड्यांचे कर्णे चालले होते, बाजूच्या खोलीत कुणीतरी तारीख पुकारत होतं. त्यांच्यापर्यंत ह्यातलं काहीच पोचत नव्हतं. पहिल्यांदाच मी त्यांना खुर्चीत मागे टेकून बसलेलं पाहिलं. चेहरा इतका निवांत होता, की असा तो असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एका कामासाठी कोल्हापूरला गेले आणि बाई दिवाळीसाठी नाशिकला. तिथेच, झोपेत, गेल्या.

त्या दिवशी मध्यस्थीच्या खोलीच्या दारात उभी राहून मी एकदा “बाई” म्हटलं होतं. त्यांनी शेंग तोंडात टाकली, टरफल पुडीत ठेवलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. सही काय, दिवाळीनंतरही घेता आली असती. मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.